व्हेस्ट्रीच्या जमाखर्चात आरोग्याचा खर्च शोधायचा कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनच्या एका पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या स्थानिक विभागाच्या) व्हेस्ट्रीचे, म्हणजे तिथला कारभार पाहणाऱ्या मंडळाचे, १८५६ नंतरचे छापील वार्षिक अहवाल हाताशी आहेत. त्यात पॅरिशचा जमाखर्च आहे आणि त्याला जोडून आरोग्य अधिकाऱ्याचा अहवाल. जमाखर्चात 'सॅनिटरी' या शीर्षाखाली जेमतेम काही शे पौंड दिसतात. पॅरिशने सार्वजनिक आरोग्यावर खरंच एवढाच खर्च केला का? आणि तो कमी की जास्त, हे कशाच्या आधारावर म्हणायचं?

एवढाच नाही केला. त्या शीर्षाखाली फक्त पगार, छपाई, जंतुनाशक आणि कोर्टाची फी असते. बाकीचा खर्च चार-पाच ठिकाणी विखुरलेला असतो. त्यातला एक मोठा हिस्सा तर व्हेस्ट्रीच्या वहीत येतच नाही, कारण तो घरमालकाच्या खिशातून जायचा. व्हेस्ट्रीचं राजकारण फिरत होतं ते याच हिश्शाभोवती.

आधी चौकट. सर बेंजामिन हॉल यांनी आणलेला १८५५ चा मेट्रोपोलिस मॅनेजमेंट अॅक्ट १ जानेवारी १८५६ पासून अमलात आला. २३ मोठ्या पॅरिशना स्वतःची व्हेस्ट्री मिळाली, छोट्या पॅरिश एकत्र करून १५ जिल्हा मंडळं झाली आणि सगळ्यांच्या वर, अख्ख्या लंडनची मोठी कामं पाहायला, मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स आलं. प्रत्येक व्हेस्ट्रीला एक आरोग्य अधिकारी, एक सर्व्हेअर आणि न्यूसन्स इन्स्पेक्टर (घाण आणि उपद्रवाची पाहणी करणारा) नेमणं बंधनकारक झालं. आरोग्य अधिकारी बहुतेक ठिकाणी अर्धवेळ असायचा. वर्षाला दीडशे-दोनशे पौंड घ्यायचे आणि उरलेल्या वेळात खाजगी दवाखाना चालवायचा. सेंट जेम्स, वेस्टमिन्स्टर इथले पहिले आरोग्य अधिकारी डॉ. एडविन लँकेस्टर आणि सेंट जाइल्सचे डॉ. जॉर्ज ब्यूकॅनन हे याच पहिल्या फळीतले.

आता व्हेस्ट्रीकडे काय नव्हतं ते आधी वेगळं काढा. नवा वाचक इथेच चुकतो. देवी टोचण्याचं काम आणि वर्कहाउसचा (निराधारांच्या सरकारी आश्रयगृहाचा) दवाखाना गरिबांची मदत सांभाळणाऱ्या गार्डियन मंडळाकडे होता, त्याचा पैसा गरीबपट्टीतून यायचा. १८६७ नंतर ताप आणि देवीची रुग्णालयं मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्डाकडे गेली. मुख्य गटारं बोर्ड ऑफ वर्क्सकडे होती, पाणी आठ खाजगी कंपन्यांकडे. १८६६ च्या पटकीत ईस्ट एंडची माणसं हजारोंनी मेली ती ईस्ट लंडन वॉटरवर्क्स कंपनीच्या ओल्ड फोर्डच्या न गाळलेल्या पाण्यामुळे. तिथल्या व्हेस्ट्रीने आरोग्यावर दुप्पट खर्च केला असता तरी त्या नळातून तेच पाणी आलं असतं. त्यामुळे पॅरिशचा मृत्युदर आणि व्हेस्ट्रीचा खर्च शेजारी-शेजारी ठेवून सरळ निष्कर्ष काढू नका.

पट्टीची रचना अशी. व्हेस्ट्री स्वतः घरोघर वसुली करत नसे. ती ओव्हरसिअरना, म्हणजे पॅरिशची पट्टी गोळा करणाऱ्यांना, आदेश द्यायची, 'इतकी रक्कम उभी करा'. रकमेचे तीन भाग वेगळे दाखवावे लागत: गटारपट्टी, दिवाबत्ती पट्टी आणि सर्वसाधारण पट्टी. शिवाय बोर्ड ऑफ वर्क्सची मागणी यायची. १८५८ च्या 'ग्रेट स्टिंक'नंतर जोसेफ बॅझलजेट यांच्या गटारयोजनेसाठी ३० लाख पौंडांचं कर्ज सरकारी हमीवर काढायचं ठरलं आणि ते फेडायला करपात्र मूल्याच्या दर पौंडामागे ३ पेन्स अशी ४० वर्षांची पट्टी बसली. १८७० नंतर लंडन स्कूल बोर्डाचीही मागणी यातूनच भागवली जाऊ लागली. परिणामी अहवालातली एकूण पट्टी फुगलेली दिसते, पण त्यातला बराच पैसा व्हेस्ट्रीच्या हाताला लागून लगेच पुढे जायचा. या मागण्या वजा केल्याशिवाय एकही टक्केवारी काढू नका.

गणिताचं मूळ एकच आहे: एका पेनीची पट्टी किती पैसे देते? पौंडात २४० पेन्स. म्हणून एकूण करपात्र मूल्याला २४० ने भागायचं. समजा, एका पॅरिशचं करपात्र मूल्य २,४०,००० पौंड आहे. तिथे पौंडामागे एक पेनी म्हणजे १,००० पौंड. रिकामी घरं, गरिबीमुळे माफ झालेली रक्कम आणि बुडीत असे आठ टक्के धरले तर हाती ९२० येतात. हा आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि प्रत्येक खर्च त्याने भागून पेनीत मांडा. व्हेस्ट्रीच्या बैठकीत सगळा वाद पेनीतच चालायचा. पौंडात वाचलं तर तो वाद कळत नाही.

मग गंमत दिसते. १०० पौंड पगारावर आणखी एक इन्स्पेक्टर नेमायचा म्हटलं तर वरच्या पॅरिशमध्ये तो पेनीचा साधारण दहावा भाग होतो. २० पौंड करपात्र मूल्याच्या घराला त्याचा भार वर्षाला सुमारे २ पेन्स. तरीही लाखभर वस्तीला एक-दोन इन्स्पेक्टर अशी स्थिती पुष्कळ पॅरिशमध्ये दशकानुदशकं टिकली. 'करदात्यांवर बोजा पडेल' हे कारण या आकड्याला पुरत नाही. खरं कारण खाली नोटिसांच्या भागात आहे.

करपात्र मूल्याबद्दल एक सावधगिरी. १८६९ च्या मूल्यनिर्धारण कायद्याआधी प्रत्येक पॅरिशची आकारणीची रीत वेगळी होती. त्या कायद्याने दर पाच वर्षांनी नवी यादी आणि वजावटीची कमाल मर्यादा ठरवली: २० पौंडांखालच्या घराला ढोबळ मूल्याचा चौथा हिस्सा, २० ते ४० पौंडांना पाचवा, ४० च्या वर सहावा. म्हणजे १८ पौंडांच्या घराचं करपात्र मूल्य साडेतेरा पौंडांपर्यंत खाली येऊ शकतं, ६० पौंडांच्या घराचं ५० पर्यंत. लहान घरांना दुरुस्ती जास्त लागते, हा त्यामागचा हिशेब. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात वार्षिक भाडेमूल्यातून सरसकट दहा टक्के दुरुस्तीपोटी वजा करायचे ठरले, ती वजावट याच घराण्यातली. घरपट्टीच्या बिलात 'करपात्र मूल्य' वाचलेल्याला व्हेस्ट्रीची वही परकी वाटायचं कारण नाही. लंडनची पहिली नवी यादी १८७१ पासून लागू झाली. १८७० ची पेनी आणि १८७२ ची पेनी एकाच मापाने मोजू नका.

गरीब पॅरिशमध्ये आणखी एक गळती असते. खोली-खोलीने आठवड्याच्या भाड्यावर दिलेल्या घरांची पट्टी भाडेकरूकडून वसूल होणं अशक्यच. म्हणून १८६९ च्याच दुसऱ्या एका कायद्याने, लंडनमध्ये २० पौंडांपर्यंतच्या घरांची पट्टी मालकाने एकगठ्ठा भरावी आणि त्याबद्दल २५ टक्क्यांपर्यंत सूट घ्यावी, अशी सोय करून दिली. भाडेकरू भाड्यातून पूर्ण पट्टी देतो, मालक सूट घेऊन कमी भरतो. पट्टीची वही पाहायला मिळाली तर मालकाच्या रकान्यात एकच नाव पानभर खाली-खाली आलेलं दिसतं. ते नाव व्हेस्ट्री सदस्यांच्या यादीत आहे का पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि दहा वर्षांच्या इतिवृत्तांपेक्षा जास्त सांगून जातं.

आता प्रत्यक्ष बेरीज. सॅनिटरी शीर्षाची रक्कम पूर्ण घ्या. गटारपट्टीतून स्थानिक गटारं बांधणं, धुणं आणि दुरुस्ती घ्या, पण बोर्ड ऑफ वर्क्सकडे गेलेली रक्कम सोडा. रस्ते झाडणं आणि चिखल उचलणं घ्या. रस्त्यावर पाणी मारणं घ्यायचं की नाही हा मताचा प्रश्न आहे. धूळ बसवणं हा त्याचा हेतू, मी ते वेगळ्या ओळीत ठेवतो. फरसबंदी घेऊ नका, नाहीतर आकडा एकदम दुप्पट दिसेल. शवागार, सार्वजनिक मुताऱ्या आणि निर्जंतुकीकरणाची भट्टी असल्यास घ्या. स्नानगृहं आणि धुलाईघरं १८४६ च्या कायद्याखाली स्वतंत्र कमिशनरांकडे असतात, त्यांचे हिशेबही स्वतंत्र असतात.

भांडवली कामं कर्जावर व्हायची. बोर्ड ऑफ वर्क्सच्या मंजुरीने पट्टी तारण ठेवून कर्ज काढायचं, सावकार बऱ्याचदा एखादी विमा कंपनी. १८६९ नंतर बोर्ड स्वतः रोखे काढून व्हेस्ट्र्यांना कर्ज देऊ लागलं. ज्या वर्षी गटार बांधलं त्या वर्षी खर्चाचा उंच सुळका दिसतो आणि पुढे वर्षानुवर्षं हप्ता आणि व्याज. दोन्ही धरलंत तर तोच खर्च दोनदा मोजला जातो. एक निवडा: बांधकामाची रक्कम किंवा कर्जफेड.

दुसरी फसवी जागा म्हणजे 'खाजगी कामं'. नव्या रस्त्याची फरसबंदी व्हेस्ट्री करायची आणि पैसे लगतच्या मालकांकडून घ्यायची. घराचा सांडपाण्याचा नळ गटाराला जोडायचा तर मालक अनामत भरायचा, काम व्हेस्ट्रीचे मजूर करायचे. या रकमा जमेलाही येतात, खर्चालाही. दोन्ही बाजूंनी काढून टाका. उरला तर फरक तेवढा ठेवा.

केरकचऱ्याकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण जमाखर्चात सगळ्यात विचित्र वागणारी ओळ तीच. लंडनचा घरगुती कचरा म्हणजे मुख्यतः कोळशाची राख. ठेकेदार तो वखारीत नेऊन चाळायचा. न जळलेले खडे म्हणजे 'ब्रीझ', ते विटांच्या भट्टीत जळण म्हणून जायचे. बारीक राख विटांच्या मातीतच मिसळायचे, त्यामुळे वीट आतूनही भाजली जायची. लंडनची पिवळट 'स्टॉक' वीट ती हीच. चिंध्या, हाडं, काच यांना वेगळं गिऱ्हाईक. बांधकामं जोरात असली की या राखेला इतका भाव यायचा की ठेकेदारच पॅरिशला पैसे द्यायचा. बाजार बसला की पॅरिशने ठेकेदाराला पैसे द्यायचे. त्यामुळे हीच ओळ काही वर्षं जमेच्या पानावर असते, काही वर्षं खर्चाच्या. आरोग्यावरचा खर्च अचानक वाढला असं वाटतं, तेव्हा अनेकदा वाढलेलं काही नसतं, विटांचा भाव पडलेला असतो.

या सौद्यातच आरोग्याची गोम होती. श्रीमंताच्या घरात चार-पाच शेगड्या, भरपूर राख, वर गाडीवाल्याला बक्षिशी. गरिबाच्या गल्लीत जळेल ते सगळं जाळलेलं, डब्यात भाजीची सालं, माशांचे अवशेष आणि थोडी राख. ठेकेदाराला हा माल नको असायचा. तो आठ-आठ दिवस गल्लीत फिरकायचा नाही, दंडाचं कलम करारात असलं तरी. उन्हाळ्यात वास सुटला की तक्रारी यायच्या आणि त्या वर्षीच्या अतिसाराच्या बालमृत्यूंचा रकाना त्याच गल्ल्यांत भरायचा. ठेका सोडून स्वतःच्या गाड्या-घोडे ठेवणाऱ्या व्हेस्ट्रीचा खर्च वाढलेला दिसतो. तो खर्च कशाचा हे पाहायला घोड्यांच्या चंदीची ओळ शोधा. ती आली की ठेका संपला असं समजायला हरकत नाही.

आता नोटिसा. पद्धत अशी: तक्रार किंवा फेरी, इन्स्पेक्टरची पाहणी, सॅनिटरी कमिटीसमोर कागद, मालकाला नोटीस, मुदत, मग मॅजिस्ट्रेटपुढे समन्स. १८५५ च्या न्यूसन्स कायद्याखाली हुकूम मोडल्यास दिवसाला कमाल १० शिलिंग दंड. व्हेस्ट्रीला पडणारा खर्च कागदाचा आणि फीचा. मालकाला पडणारा खर्च खरा: शोषखड्डा बुजवायचा, विटांचा फुटका नाला उखडायचा, चकाकी दिलेला भाजक्या मातीचा (स्टोनवेअर) नळ टाकायचा, संडासाला पाण्याची टाकी आणि गटाराचा वास अडवणारी पाण्याची अडण लावायची. चार इंची नळाला चाळीस फुटांत एक फूट उतार आणि सहा इंचीला साठ फुटांत एक, हा गवंड्यांचा ठोकताळा. उतार कमी पडला की मैला बसतो. सांधे नुसत्या चिकणमातीने भरले की ते गळतात आणि घराखालची जमीन भिजत राहते. असा गळका नाला काय करतो याचा दाखला सेंट जेम्स पॅरिशमध्येच आहे. १८५४ च्या ब्रॉड स्ट्रीटच्या पटकीत ६१६ माणसं गेली. तिथल्या विहिरीवरच्या सार्वजनिक पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला, पण कारण सापडलं पुढच्या वर्षी खणल्यावर: ४० नंबरच्या घराचा शोषखड्डा विहिरीपासून तीन फुटांच्याही आत होता आणि त्याच्या विटा निखळलेल्या होत्या. असा एक खड्डा दुरुस्त करायला कोणत्याही पट्टीतून पेनी लागत नाही. मालकाला भाग पाडावं लागतं.

आणि मालक व्हेस्ट्रीत बसलेला असायचा. घरांविषयीच्या रॉयल कमिशनने १८८५ मध्ये क्लर्कनवेलच्या व्हेस्ट्रीत वाईट घरांत हितसंबंध असलेले तेरा-चौदा सदस्य असल्याची नोंद केली. ही माणसं अख्खं घर भाड्याने घेऊन खोल्या पोटभाड्याने द्यायची. इन्स्पेक्टर नेमणारी, त्याचा पगार ठरवणारी आणि नोटीस पुढे ढकलणारी कमिटी यांचीच. १८६६ च्या सॅनिटरी अॅक्टने खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांची नोंदणी करण्याचा अधिकार दिला होता. १८८० च्या दशकापर्यंत तो मनापासून वापरणाऱ्या व्हेस्ट्र्या, हॅकनी आणि चेल्सी धरून, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पेनीच्या दहाव्या भागाचा इन्स्पेक्टर परवडत नव्हता तो यामुळे.

म्हणून नोटिसांचा तक्ता वाचताना 'एकूण सुधारणा' हा आकडा बाजूला ठेवा. त्यात चुना मारलेली घरं आणि नाला नव्याने टाकलेली घरं एकाच ओळीत मिसळतात. चुना स्वस्त, दरवर्षी पुन्हा मारता येतो आणि दरवर्षी पुन्हा सुधारणा म्हणून मोजता येतो. नवे नाले, संडासाला दिलेलं पाणी आणि बुजवलेले शोषखड्डे वेगळे काढा. त्यानंतर शंभर नोटिसांमागे समन्स किती ते पाहा. नोटिसा हजार आणि समन्स दोन असतील, तर एकतर मालक फार आज्ञाधारक होते किंवा कमिटी फार समजूतदार.

मृत्युदराच्या कोष्टकात तीन गोष्टी तपासा. जमाखर्चाचं वर्ष २५ मार्चला संपतं, आरोग्य अहवाल बहुधा कॅलेंडर वर्षाचा. शिवाय रजिस्ट्रार जनरलच्या (जन्म-मृत्यू नोंदणीच्या प्रमुखाच्या) साप्ताहिक याद्यांवर बेतलेलं वर्ष कधी ५२ आठवड्यांचं, कधी ५३ चं. ५३ आठवड्यांच्या वर्षात मृत्यू दोनेक टक्क्यांनी आपोआप वाढतात. दुसरी गोष्ट लोकसंख्या. दोन जनगणनांमधला अंदाज आधीच्या दशकाच्या वाढीवरून पुढे ओढायचे. रेल्वे आणि गोदामांसाठी घरं पाडली जात होती त्या मध्यवर्ती पॅरिशमध्ये हा अंदाज फुगायचा. उदाहरणादाखल, अंदाज ६०,००० आणि मृत्यू १,३८० असतील तर दर हजारी २३. पुढच्या जनगणनेवरून त्या वर्षीची खरी वस्ती ५५,००० निघाली तर २५. आणि पॅरिशचं वर्कहाउस हद्दीबाहेर असून तिथे मेलेले ९० जण जमेस धरले तर पावणेसत्तावीसच्या आसपास. ब्रॉड स्ट्रीटच्या वेळीही पुष्कळ रुग्ण मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये नेले गेले आणि ते हॉस्पिटल शेजारच्या मॅरिलबोन पॅरिशमध्ये होतं.

१८८९ नंतरचे अहवाल वाचणं सोपं होतं. संसर्गजन्य रोग कळवणं लंडनमध्ये सक्तीचं झालं. खाजगी रुग्णामागे डॉक्टरला अडीच शिलिंग, संस्थेतल्या रुग्णामागे एक शिलिंग. फीची रक्कम घेऊन रुग्णसंख्येशी ताळा करून पाहा. जुळत नसेल तर कोष्टकात काहीतरी गळलं आहे. १८९१ च्या पब्लिक हेल्थ अॅक्टने ही फी असायलम्स बोर्डाकडून परत मिळू लागली, म्हणून जमेच्या बाजूलाही पाहा. त्याच कायद्याने केंद्रीय मंडळाच्या संमतीशिवाय आरोग्य अधिकाऱ्याला काढता येईना. त्यानंतरच्या अहवालांची भाषा आधीच्यापेक्षा सरळ झालेली दिसली तर हे लक्षात ठेवा.

१८९४ मध्ये पट्ट्यांच्या समानीकरणाचा कायदा आला. सगळ्या लंडनवर पौंडामागे ६ पेन्स, आणि जमलेला पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात परत. आपल्या नमुन्याच्या पॅरिशने ६,००० पौंड द्यायचे, मिळणार मात्र डोईप्रमाणे. दाट आणि गरीब पॅरिशला फायदा, हॅनोव्हर स्क्वेअरसारख्या श्रीमंत पॅरिशना घाटा. हा पैसा आधी १८९१ च्या आरोग्य कायद्याच्या खर्चावर लावायचा होता, उरला तर दिवाबत्ती आणि रस्त्यांवर. त्यामुळे १८९५ पासून आरोग्याच्या शीर्षाखाली एकदम उडी दिसते. काही ठिकाणी ती खरी आहे, काही ठिकाणी आधी सर्वसाधारण पट्टीतून भागणारं झाडलोटीचं बिल नुसतं इकडे हलवलेलं आहे. पगाराच्या ओळीत इन्स्पेक्टरांची संख्या मोजा. ती वाढली नसेल तर उडी कागदावरची आहे.

शोरडिचचे अहवाल घेतले तर १८९७ पासून आणखी एक पान उलटावं लागेल. त्या व्हेस्ट्रीने हॉक्स्टनमध्ये कचरा जाळून वीज करण्याचं केंद्र उघडलं, उद्घाटनाला लॉर्ड केल्व्हिन होते. तिथून पुढे कचऱ्याचा खर्च केराच्या ओळीत संपतो असं गृहीत धरू नका, वीजखात्याचा हिशेबही शेजारी उघडून ठेवा.